मदत हवी आहे: घरात कुत्री आहे आणि आता कॉकटेल पक्षी आलाय, दोघांना एका घरात कसं सांभाळायचं?

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय तोही पाणी डोक्यावरून गेल्यावर. जरा मोठं झालंय, सांभाळून घ्या.

आमच्याकडे बुंदी आहे, गावठी, ३ वर्षांची, पार्किंगमध्ये सापडलेलं पिल्लू, अंगभर ठिपके म्हणून बुंदी. नाशिकला चौथ्या मजल्यावर टू बीएचके. गुणी आहे हो, बस, थांब, हात दे सगळं येतं, मी तोंडाने शिट्टी मारली की असेल तिथून धावत येते. दीड महिन्यापूर्वी आत्याबाई (नवऱ्याच्या आत्या) मुलाकडे टोरोंटोला गेल्या आणि त्यांचा कॉकटेल (छोट्या पोपटाची एक जात) आमच्याकडे आला. नाव तात्या. डोक्यावर तुरा, गालावर केशरी टिकली आणि रुबाब असा की घर त्याचं, आम्ही भाडेकरू. आत्याबाईंकडे दिवसभर मोकळा असायचा त्यामुळे संध्याकाळचे ५ वाजले की पिंजऱ्यात कर्कश्श ओरडायला सुरुवात.

पहिला महिना आम्हाला वाटलं झालं, जमलं. पिंजरा हॉलमध्ये स्टुलावर, बुंदी त्याच्यासमोर तासन्‌तास बसून, भुंकणं नाही, उड्या नाहीत. मी शहाणीने फॅमिली ग्रुपवर व्हिडिओ टाकला, सगळ्यांनी "काय गोड मैत्री" म्हणून खाली बदाम टाकले.

परवा रविवारी सासऱ्यांनी तात्याला बाहेर काढलं, तो नेहमीसारखा पडद्याच्या दांडीवर जाऊन बसला, तेवढ्यात किचनमध्ये मिक्सर लागला, हा दचकून उडाला आणि फरशीवर उतरला. बुंदी माझ्या पायाशी झोपलेली, चक्क डोळे मिटून. माझ्या तोंडून नुसतं "बुं" निघेपर्यंत ती तिथे पोचली होती. मी किंचाळले, तिने सोडलं, तात्या फडफडत सोफ्याखाली. फरशीवर शेपटीची दोन लांब पिसं, बुंदीच्या ओठाला चिकटलेला पिवळा पुंजका आणि ती शेपूट हलवत माझ्याकडे बघतेय, माझं काय चुकलं?

रक्त वगैरे कुठे दिसलं नाही. पण कालपासून तात्या पिसं फुगवून गप्प बसलाय, खातोय थोडंफार. सासरे म्हणतात सवय होईल, नवरा म्हणतो कुणाला तरी देऊन टाकू, आणि व्हिडिओ कॉलवर आत्याबाईंना शेपूट दिसू नये म्हणून मी कॅमेरा तात्याच्या अगदी तोंडाशी धरते. ३ वर्षांच्या कुत्रीला पक्ष्याला हात लावायचा नाही हे शिकवता येतं का? कुणी केलंय का? नसेल येत तर तसं सांगा, खोटा धीर नको.

गावरान गडी:
ताई एवढं टेन्शन घेऊ नका. आमच्या गावी कुत्रं कोंबड्यांच्यात झोपतं, पिल्लं त्याच्या पाठीवर चढतात. एकाने एकदा कोंबडी मारली होती तर आजोबांनी तीच मेलेली कोंबडी दोन दिवस त्याच्या गळ्यात बांधली, परत वाकडी नजर नाही. पिंजऱ्याजवळ गेली की पेपरची गुंडाळी करून एक द्यायची, आपोआप समजतं.

पाणकोंबडी:
पेपर वाचायला ठेवा गडी.

ताई बाकीचं सगळं नंतर, तात्याला आजच्या आज पक्षी बघणाऱ्या डॉक्टरकडे न्या. कुत्र्याच्या लाळेतले जंतू पक्ष्याच्या रक्तात गेले तर तो एकदोन दिवसात जाऊ शकतो, आणि दाताचं भोक सुईएवढं असतं, पिसांखाली दिसतच नाही. पक्षी आजारपण शेवटपर्यंत लपवतात, त्यामुळे फुगून बसलाय याचा अर्थ वेळ कमी आहे. छोट्या खोक्यात टॉवेल टाकून, वरून झाकून, अंधारात न्या. आणि पकडताना छातीभोवती मूठ आवळू नका, पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल (छातीखालचा श्वासाचा पडदा) नसतं, छाती पुढेमागे हलली तरच श्वास चालतो, घाबरून घट्ट धरलं की आपल्याच हातात गुदमरतो.

धागाकर्ती:
जाऊन आले. डॉक्टरांनी पंखाखाली फुंकर मारून पिसं बाजूला केली आणि एक लालसर टिंब दाखवलं, मला दोन दिवस दिसलं नव्हतं. अँटिबायोटिक सुरू केलंय, दिवसातून दोनदा चोचीच्या कडेने थेंब द्यायचे, ७ दिवस. वजन ८६ ग्रॅम भरलं, रोज सकाळी किचनच्या काट्यावर करायला सांगितलंय. पाणकोंबडी, तुमचे पाय कुठे आहेत. मी अजून चार दिवस वाट बघितली असती.

पाणकोंबडी:
पाय राहू द्या, आमच्याकडेही हे एक बजरी (छोटा पाळीव पोपट) गमावूनच कळलेलं आहे.

आता बुंदीबद्दल. तुम्ही लिहिलंय ती समोर शांत बसायची. तो व्हिडिओ परत बघा, आवाज बंद करून. तोंड मिटलेलं आहे का? कान पुढे? पापणी किती वेळाने हलते? पुढचा एक पाय किंचित उचललेला? शेपटीचं फक्त टोक थरथरतंय का? शिकारीची एक साखळी असते, वास लागणं, टक लावणं, दबा धरणं, धावणं, पकडणं, मारणं. माणसाने जाती करताना यातल्या कड्या कमीजास्त केल्या, म्हणून लॅब्राडोर पाडलेला पक्षी अलगद तोंडात धरून आणतो, बॉर्डर कॉली टक लावून दबा धरते आणि तिथेच थांबते, टेरियर मात्र उंदीर थेट झटकून मारतो. गावठीत कुणी काही कमी केलेलं नाही, सगळ्या कड्या शाबूत. बुंदी महिनाभर दुसऱ्या कडीवर बसून होती आणि घरच्यांना वाटलं मैत्री चाललीय.

गडी, तुमच्या गावचं कुत्रं खोटं नाही, पण ते डोळे उघडल्यापासून कोंबड्यांत वाढलेलं असतं. पिल्लू ३ आठवड्यांचं झाल्यापासून साधारण १२-१४ आठवड्यांपर्यंत जे आजूबाजूला असतं ते त्याच्या लेखी घरचं होतं. बुंदी त्या वयात पार्किंगमध्ये कबुतरांमागे धावत असणार.

गावरान गडी:
असेल. पण गळ्यात बांधलेली कोंबडी काम करून गेली हे मी डोळ्याने पाहिलंय.

पाणकोंबडी:
त्यानंतर आजोबा कोंबड्या खुराड्यात ठेवायला लागले की नाही?

गावरान गडी:
... ते पण झालं होतं म्हणा 😅

जतचा पाव्हणा:
आमच्याकडे दोन कारवानी (शिकारी जातीची कुत्री) आहेत. सशामागे सुटलं की मालक कोण आणि नाव काय दोन्ही विसरतं असलं जनावर. बायकोला लव्हबर्ड्सची हौस. आम्ही ट्रेनिंगच्या भानगडीत पडलोच नाही, पक्षी माडीवर, कुत्री खाली, मधे जिन्याला जाळीचं दार, ६ वर्षं झाली. कमीपणा वाटून घेऊ नका, काही कुत्र्यांच्या बाबतीत हेच उत्तर असतं. पण तुमची हाकेला थांबली, तोंडातलं सोडलं, म्हणजे तुमच्याकडे आशा आहे. आमचं सोडलं नसतं.

ढब्बू मिरची:
उशिरा बघितला धागा. मी गेली काही वर्षं लोकांच्या कुत्र्यांना शिकवते, माझं मत लिहिते, पटलं तर घ्या.

पहिले दोन आठवडे ट्रेनिंग नाहीच, फक्त दोघांची नजर तोडायची. तात्याचा पिंजरा बेडरूममध्ये, दार बंद. जितके दिवस ती टक लावून बसेल तितके दिवस ती शिकारीचा सराव करतेय. पिंजरा स्टुलावरून काढा, भिंतीला लागून जड टेबलावर, बुंदी मागच्या पायांवर उभी राहिली तरी नाक पोचणार नाही एवढ्या उंचीवर, छताला टांगलेला नको, झुलतो आणि अजून मजा येते. पिंजऱ्याच्या दाराला ट्रेकिंगवाल्यांचा स्क्रूचा हुक लावा, ते सरकवायचं दार कॉकटेल चोचीने उचलतो, तात्याला येत असेलच.

मग सुरुवात लांबून. बुंदी लीशवर, खोलीच्या दाराबाहेर, पिंजरा झाकलेला. तात्याचा आवाज आला, तिचे कान हलले की त्याच क्षणी ट्रीट. तिने काही "केल्याबद्दल" नाही, आवाज आला म्हणून. चारपाच दिवसांत आवाज आला की ती पिंजऱ्याऐवजी तुमच्याकडे वळून बघायला लागेल, हाच सगळ्याचा पाया, त्याच्याशिवाय पुढे जाऊ नका. मग चादर अर्धी काढायची, मग पूर्ण, मग आतला पक्षी हलतोय, मग पंख फडफडवतोय, फडफड सगळ्यात अवघड असते. प्रत्येक वेळी एवढंच अंतर की ती ट्रीट खाऊ शकेल. कलेजी समोर धरली आणि ती खात नाही, तर तुम्ही फार जवळ आहात, दोन पावलं मागे. एका वेळी ३-४ मिनिटं, संपलं. सोबत सतरंजीवर जाऊन पडायचं शिकवा आणि "सोड" हा शब्द आधी चपलेवर, मग पोळीवर, मग घरंगळणाऱ्या चेंडूवर, तात्यावर सगळ्यात शेवटी.

ओरडायचं नाही, झटका द्यायचा नाही. तिला कळेल की तात्या दिसला की मार बसतो, मग ती तात्याचाच राग करेल, किंवा तुम्ही असताना साधू आणि नसताना वाघ.

तात्याकडेही लक्ष ठेवा, त्याचं कुणी बोलतच नाहीये. तुरा ताठ उभा म्हणजे दचकलाय, तुरा डोक्याला घट्ट चिकटवून साप फुसफुसल्यासारखा आवाज करत असेल तर भयंकर घाबरलाय, सत्र बंद. तुरा अर्धवट मागे, चोच किरकिर घासतोय, एका पायावर उभा, तेव्हा तो निवांत.

आणि एक, हे सगळं जमलं तरी दोघं एकाच खोलीत मोकळे कधीच नाहीत. इंटरनेटवर कुत्र्याच्या डोक्यावर बसलेल्या पोपटाचे व्हिडिओ असतात, त्यातल्या पोपटाचं पुढे काय झालं ते कुणी टाकत नाही. तोंडाला मझल बांधून सोडू असंही मनात आणू नका, नुसत्या पंजाने ८६ ग्रॅमचा जीव जातो.

पाणकोंबडी:
+१. आणि तात्या बाहेर असताना पंखा बंद, स्विचवर टेप लावा. कुत्र्यापेक्षा पंख्याने गेलेले पक्षी मला जास्त माहीत आहेत. शिवाय पिंजऱ्याखालचं सांडलेलं राळं आणि शिट रोज पुसा, बुंदी चाटत असेल तर तेही चांगलं नाही.

नवखा:
हा धागा वाचून आम्हीपण पोपट घ्यायचा विचार करतोय, आमच्याकडे पग आहे, तो तर आळशीच आहे.

ढब्बू मिरची:
आपला हिरवा देशी पोपट घेऊ नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो पाळताच येत नाही, बाजारात कितीही खुलेआम मिळो. कॉकटेल, बजरी बाहेरदेशचे म्हणून चालतात. आणि पग आळशी असतो तोवर असतो.

धागाकर्ती:
दोन महिन्यांनी अपडेट देतेय, उशीर झाला.

तात्या ठणठणीत, वजन ९२, शेपटीचं एक पीस पूर्ण आलंय, दुसरं अजून कोवळ्या नळीत आहे, उलगडलं नाही. आत्याबाईंना सगळं सांगून टाकलं, त्या दोन मिनिटं गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, माझ्याकडे असताना पंख्यात जाता जाता वाचला होता, मी तुला सांगितलं नव्हतं.

बेडरूम तात्याची झाली, आम्ही हॉलमध्ये झोपतो, हसू नका. व्हिडिओ परत बघितला. तोंड मिटलेलं, पाय उचललेला, खालच्या ओठावरून लाळेची तार लोंबतेय. ग्रुपवरून डिलीट केला. बुंदी आता दारातून ७-८ फुटांवर सतरंजीवर पडते, तात्या पिंजऱ्यात झोका घेत असला तर एकदा बघते आणि मान वळवून माझ्या खिशाकडे बघते. फडफड मात्र अजून जमत नाही, त्या क्षणी कलेजीसुद्धा तोंडातून गळून पडते. तिथेच अडकलोय तीन आठवडे, घाई करत नाही. तात्या बाहेर असतो तेव्हा बुंदी सासऱ्यांबरोबर खाली फिरायला, दोघांच्या वेळा फ्रिजवर लिहून लावल्यात, आणि सासऱ्यांचं "सवय होईल" बंद झालंय.

आता नवीन प्रश्न. तात्या माझी शिट्टी शिकलाय. तीच, बुंदीला बोलवायची, हुबेहूब. दुपारी मी ऑफिसच्या कॉलवर असते, हा आतून शिट्टी मारतो, बुंदी झोपेतून उठून बेडरूमच्या बंद दाराशी जाऊन बसते आणि ट्रीटची वाट बघते. शिट्टी बदलू का?

ढब्बू मिरची:
बदला. शिट्टी नकोच, शब्द घ्या. आणि तो तात्यासमोर अजिबात म्हणू नका.

धागाकर्ती:
काल "ये गं" सुरू केलं होतं. आज सकाळी आतून "ये" आलंय.