बदल आला की डोकं अडून बसतं. विचारातला लवचिकपणा खरंच शिकता येतो का?

निळीशाई:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस विचारायचं होतं. ऑफिसमध्ये सध्या सगळंच एकदम बदललंय, टीम बदलली, रिपोर्टिंग बदललं, जे काम डोळे मिटून करायचे ते आता नव्या सिस्टीमवर करायचंय, आणि घरी मुलं मोठी झाल्यामुळे दिवसाचं वेळापत्रकही पार वेगळं झालंय. काम जमत नाही असं नाहीये, दाखवलं की येतं मला. पण नवीन काही आलं की मनात पहिलं हेच येतं की हे कशाला, आधीचं काय वाईट होतं, आणि त्यातच अर्धी ताकद संपते. सगळे म्हणतात फ्लेक्सिबल व्हा, माइंडसेट बदला, पण म्हणजे नेमकं काय करायचं ते कोणी सांगत नाही. हा लवचिकपणा मुळात स्वभावातच लागतो का सवयीनं येतो? आणि येईल त्याला हो म्हणणं म्हणजेच लवचिकपणा असेल तर मला तो नकोय, काही बाबतीत माझं मत मला सोडायचं नाहीये.

पानगळ:
चांगला धागा. मी मानसशास्त्र शिकवते म्हणून जरा सविस्तर लिहिते, लांबलं तर सांभाळून घ्या.

स्वभावाचा थोडा वाटा असतोच, पण हे वरचेवर बदलणारं कौशल्य आहे. एकाच माणसात सकाळी जास्त आणि थकल्यावर कमी असं दिसतं. 1948 पासून यासाठी एक पत्त्यांची चाचणी वापरतात, विस्कॉन्सिन कार्ड सॉर्टिंग टेस्ट. पत्त्यांवर वेगवेगळे आकार, रंग आणि संख्या असतात, ते कशाच्या आधारावर लावायचे हे कोणी सांगत नाही, फक्त बरोबर किंवा चूक एवढंच कळतं. समजा रंगाचा नियम तुम्ही ओळखलात आणि छान चाललंय, की मध्येच न सांगता नियम बदलतो, आता आकार. काही जण दोनचार वेळा चूक ऐकून वाट बदलतात आणि काही जण चूक, चूक ऐकत रंगावरच लावत राहतात. 1963 मध्ये ब्रेंडा मिल्नर यांनी दाखवलं की मेंदूच्या पुढच्या भागाची शस्त्रक्रिया झालेल्यांना हा बदल फार अवघड जातो, म्हणजे इथे मेंदूचं खरंखुरं काम चालू असतं, नुसत्या इच्छेचा प्रश्न नाही.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो लहान मुलांचा प्रयोग. तीन वर्षांच्या मुलांना आधी रंगानुसार पत्ते लावायला देतात, मग सांगतात आता आकारानुसार. विचारलं की मूल नवा नियम बरोबर सांगतं आणि तरी हात जुन्याच ढिगाकडे जातो. मोठेपणी हे एवढं उघड दिसत नाही पण गाभा तोच राहतो, नवीन कळणं वेगळं आणि जुनं थांबवणं वेगळं. तुम्ही लिहिलंयत ना की शिकायला जमतं, मग तुमची अडचण शिकण्यात नाहीच, जुनं थांबवण्यात आहे, आणि ट्रेनिंगमध्ये त्यासाठी कोणी अर्धा तासही देत नाही.

मधलीसुट्टी:
पानगळ यांना अनुमोदन. यात अजून एक घालतो, लुचिन्सचे पाण्याच्या भांड्यांचे प्रयोग, 1942 चे. तीन भांडी, 21, 127 आणि 3 मापांची, आणि 100 माप पाणी मोजायचं. मोठं भरा, त्यातून 21 काढा, मग दोनदा 3 काढा, झालं. अशीच याच पद्धतीची चारपाच गणितं ओळीनं सोडवली की पुढे देतात 23, 49 आणि 3, हवंय 20. आता 23 मधून 3 काढले की संपलं, पण आधीची गणितं केलेले बरेच लोक 49 मधून 23 काढा आणि दोनदा 3 काढा हाच लांबचा रस्ता धरतात, आणि ज्यांनी आधीची गणितं केलीच नाहीत त्यांना सोपा रस्ता पटकन दिसतो. म्हणजे अनुभव जितका घट्ट तितकी पुढची सोपी वाट झाकली जाते. यात कमीपणा काही नाही, जी पद्धत चालली तीच वापरणं शहाणपणाचंच होतं, फक्त ती आता इथे लागू आहे का हे तपासायचं राहून जातं. आणि मला उमेद देणारी गोष्ट ही की ऐन वेळी कागदावर आंधळेपणानं करू नका एवढं लिहायला लावलं तरी बऱ्याच जणांना सोपा रस्ता दिसू लागला. म्हणून नव्या सिस्टीमवर बसताना आधी स्वतःला विचारायचं, हे पाऊल कामासाठी लागतंय का जुन्या सिस्टीमला लागायचं म्हणून मी करतेय. माझ्या अनुभवात हा एकच प्रश्न सगळ्यात जास्त कामाला येतो.

सरळरेघ:
मला थोडं वेगळं म्हणायचंय. सगळे बदल चांगलेच असतात असं गृहीत धरून माणसालाच लवचिक व्हायला सांगणं मला पटत नाही. काही बदल खरंच वाईट असतात आणि तिथे हरकत घेतलीच पाहिजे. निळीशाई, तुमचा दुसरा प्रश्न म्हणूनच मला जास्त मोलाचा वाटतो.

माझ्या मते मूल्य आणि पद्धत वेगळी काढली की गुंता बराच सुटतो. ग्राहकाला खोटं सांगायचं नाही हे मूल्य, त्याची नोंद वहीत करायची का स्क्रीनवर ही पद्धत. आपण बहुतेक वेळा पद्धतीसाठी भांडतो आणि आव मूल्याचा असतो, आणि उलटही होतं, फक्त पद्धत बदलतेय असं सांगून मूल्यच काढून घेतलं जातं. म्हणून हरकत आली की कागदावर लिहायचं, यात माझं नेमकं काय जातंय. उत्तर सवय, वेग, मान असं काही आलं तर थोडं थांबून बघायचं, आणि कोणाचं नुकसान होणार असेल तर ठामपणे बोलायचं. विवेकनिष्ठ मानसोपचार मांडणारे अल्बर्ट एलिस हेच सांगायचे, की इच्छा जोरदार असली तरी चालते, त्रास होतो तो तिची मागणी झाली की. जुनी टीम असती तर मला आवडलं असतं ही इच्छा झाली. ती असायलाच हवी होती ही मागणी, आणि हिच्यापायीच माणूस रात्री जागतो. मत सोडायची गरज नाही, मागणी सैल केली तरी पुष्कळ आहे.

धावतीनजर:
मेंदूचे गेम असतात ना ॲपवर, त्यानं होतं का हे? मी रोज खेळते.

पानगळ:
धावतीनजर, आवडत असेल तर जरूर खेळा, पण याच कारणासाठी खेळत असाल तर फार भरवसा नको. 2016 मध्ये यावरच्या संशोधनाचा मोठा आढावा निघाला होता, त्यात दिसलं की त्या खेळात आणि त्याच्यासारख्या कामात माणूस सुधारतो, रोजच्या आयुष्यात ते उतरतं याचा पुरावा मात्र फारसा सापडला नाही. जिथे बदल आलाय तिथेच सराव करावा लागतो.

आणि एक राहिलंच, ताण. 2009 च्या एका प्रयोगात लोकांना आवडता खाऊ मिळवायची कृती शिकवली, मग त्यातला एक खाऊ मन भरेपर्यंत खायला दिला. ज्यांना ताण दिला नव्हता त्यांनी त्या खाऊची कृती कमी केली आणि ताणाखालचे लोक तीच करत राहिले. ताणात डोकं सवयीकडे पळतं. त्यामुळे झोप कमी, डेडलाइन डोक्यावर आणि त्याच दिवशी नवी सिस्टीम असं असेल तर अडून बसणं होणारच, त्यावरून माझा स्वभावच असा असं ठरवू नका. जमलं तर नवीन शिकायची वेळ शांत तासात मागून घ्या.

निळीशाई:
सगळ्यांचे मनापासून आभार. जुनं थांबवण्याला वेळच मिळत नाही हे वाचून फार बरं वाटलं, हे आजवर कोणी असं सांगितलंच नव्हतं. अजून एक विचारते, मीटिंगमध्ये बदल जाहीर झाला की तोंडून पहिला आक्षेपच निघतो, तो विचारपूर्वक असतोच असं नाही. तेवढ्या दोन मिनिटांत काय करायचं?

मधलीसुट्टी:
त्या दोन मिनिटांची तयारी आधीच करून ठेवायची. गोल्विट्झर नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी जर–तर पद्धतीचं नियोजन बरंच अभ्यासलंय. नुसतं मी शांत राहीन असं ठरवण्यापेक्षा जर बदल जाहीर झाला तर मी आधी एक प्रश्न विचारेन असं ठरवलेलं जास्त टिकतं, कारण प्रसंग आणि कृती आधीच जोडलेली असते. प्रश्न पण ठरवून ठेवा. मी विचारतो ते असं, यातलं काय तसंच राहणार आहे? उत्तरात निम्म्याहून जास्त गोष्टी तशाच राहणार असं बरेचदा निघतं आणि उरलेल्यावर शांतपणे बोलता येतं.

सरळरेघ:
आणि प्रश्न विचारून झाल्यावरही आक्षेप तसाच उरला तर तो गिळू नका. दुसऱ्या दिवशी लिहून पाठवा, काय अडतंय आणि त्याऐवजी काय चालेल हे दोन्ही घालून. मी टीम सांभाळतो, असा ईमेल आला की मला खरंच उपयोग होतो, मीटिंगमधल्या नकोनकोपेक्षा कितीतरी जास्त.