दोडक्याचे कळे पिवळे पडून गळतायत, मदत हवी आहे (सांगली, गच्चीवरची बाग)

नमस्कार. सांगलीत गावभागात राहते. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा आमचं परस बुडालं. सासूबाईंनी हाताने वाढवलेला मांडव, कढीपत्ता, सगळंच गेलं. तेव्हापासून भाजी गच्चीवर लावते.

यंदा फेब्रुवारीच्या शेवटी दोडका टोकला. वेल मांडवभर पसरलेत. नर फुलांचे घोस भरपूर आहेत. मादी फुलंही येतात, खाली करंगळीएवढा दोडका स्पष्ट दिसतो. पण तीन-चार दिवसांत तो टोकाकडून पिवळा पडतो आणि हात लागला की गळतो. आतापर्यंत १९ गेले. रोज झाडून काढताना जीव तुटतो.

माती नदीकाठची मळीची, निम्मं शेणखत. वर भावाच्या शेतातल्या उसाच्या पाचटाचं आच्छादन, त्यामुळे ओल टिकते. दुपारी पारा चाळिशीला टेकतो म्हणून ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट वर लावलीय, आणि खारींच्या त्रासामुळे चारी बाजूंनीही. फळमाशीचा संशय आला म्हणून गळलेले कळे कापून पाहिले. अळी नाही, टोचल्याची खूणही नाही.

काकडीला रोज सकाळी आठला नर फूल मादी फुलावर फिरवलं, तर छान काकड्या धरल्या. तेच दोडक्याला करते, पण त्या वेळी फुलं मलूल असतात आणि उपयोग होत नाही.

(कोथिंबीर फुलावर आलीय. ती उन्हाचीच, तिचे धने घेईन. पुदिना, गवती चहा व्यवस्थित.)

सासूबाईंना आता जिना चढवत नाही. रोज संध्याकाळी विचारतात, "धरला का गं?" त्यांना घरच्या दोडक्याच्या शिरांची चटणी खायचीय. काय चुकतंय, कोणी सांगेल का?

प्रतिसाद १ (तासगाव)
ताई, वेल निरोगी आहे, तुमची वेळ चुकतेय. काकडी, कारलं यांची फुलं सकाळी उमलतात. दोडका आणि दुधी संध्याकाळी उमलतात, साधारण पाच ते आठ. सकाळी ऊन चढेपर्यंत त्यांचा खेळ संपलेला असतो. सहाच्या सुमारास वर जा, ताजं उमललेलं नर फूल तोडा, पाकळ्या मागे दुमडा आणि मधला पिवळा पराग मादी फुलाच्या मध्यावर हलक्या हाताने टेकवा. त्याच दिवशी उमललेलं मादी फूलच घ्या. केलेल्या फुलाला दोरा बांधा, म्हणजे कुठलं धरलं ते कळेल.

प्रतिसाद २ (सातारा)
वरच्यांशी सहमत. शिवाय चारी बाजूंना नेट असेल तर पतंग, मधमाश्या आत येणार कुठून? वरची राहू दे, बाजूची संध्याकाळी गुंडाळून ठेवा. वळीव नेमका संध्याकाळीच येतो आणि भिजलेला पराग कामाचा नाही. आभाळ भरून आलं की नर फुलं आधीच तोडून घरात ठेवा, पाऊस थांबला की फिरवा. आणि शेणखत आता पुरे. जास्त नत्राने पाला माजतो, फळ मागे पडतं.

धागाकर्ती, ९ दिवसांनी
दोघांचेही मनापासून आभार. सात फुलांना दोरा बांधला होता, त्यातले पाच धरलेत! दोन वळवाच्या दिवशीचे होते, ते गेले. सगळ्यात मोठा आता वीतभर आहे, शिरा अजून कोवळ्या. फोटो दाखवला तर आई म्हणाल्या, पहिला तोडू नकोस, बियाणाला ठेव. चटणी दुसऱ्याची करते. बियाणाचा दोडका वेलावरच पूर्ण वाळू द्यायचा ना? तोवर पावसाळा लागेल, म्हणून विचारतेय.

प्रतिसाद १ (तासगाव)
हो, तपकिरी होऊन हलवल्यावर आत बी वाजलं पाहिजे. पाऊस लागायच्या आत पिवळा पडला असेल तर देठासकट काढा आणि घरात वाऱ्याला टांगा.