शिक्षकांची प्रशिक्षणं मोबाइलवर: सोय झाली, पण शिकणं झालं का?

खडूफळा:
मी प्राथमिक शाळेत शिकवते. 'निष्ठा' हे शिक्षकांचं सरकारी प्रशिक्षण २०१९ मध्ये सुरू झालं तेव्हा समोरासमोर होतं. कोरोनामुळे २०२० च्या ऑक्टोबरपासून ते 'दीक्षा' या सरकारी शिक्षण ॲपवर आलं, १८ मॉड्यूलचं. तेव्हा दुसरा इलाजच नव्हता, त्याबद्दल तक्रार नाही. पण शाळा कधीच्या उघडल्या, तरी नवीन काही आलं की आधी लिंक येते, याला माझा विरोध आहे.

पूर्वीच्या एका तालुका प्रशिक्षणात हातच्याची वजाबाकी होती. सुलभकांनी एका शिक्षिकेला काड्या-गठ्ठे देऊन आमच्यासमोर पाठ घ्यायला लावला. मागून कोणीतरी म्हणालं, "मॅडम, पोरानं गठ्ठा सोडायच्या आधीच तुम्ही उत्तर सांगून टाकलंत." ही चूक आम्ही सगळेच करत होतो, आणि त्या दिवशी ती सगळ्यांना दिसली. व्हिडिओ माझा पाठ बघत नाही. उलट, चाचणीची उत्तरं रात्रीच ग्रुपवर फिरतात आणि सकाळी सगळ्यांकडे प्रमाणपत्र.

मेळघाटकर:
मॅडम, असहमत. आमची शाळा द्विशिक्षकी. मी पाच दिवस प्रशिक्षणाला तालुक्याला, धारणीला गेलो की चारही वर्ग एकट्या सोबतीच्या सरांवर. पोरांचं ते नुकसान कोणी मोजत नाही. शिवाय राज्यस्तरावर जे सांगितलं जातं ते जिल्हा, मग तालुका असं झिरपत येईपर्यंत निम्मं उरतं. ॲपवर मला तज्ज्ञाचं मूळ बोलणं मिळतं. रेंज असेल तिथं डाउनलोड करतो, घरी नेट नसतानाही बघतो, कळलं नाही तर मागे घेतो. भर वर्गात "परत सांगा" म्हणायला किती जणांची जीभ रेटते?

उत्तरं फिरतात हे खरं. पण समोरासमोरच्या प्रशिक्षणात हजेरीपटावर सही करून दुपारी निघून जाणारेही होतेच की.

पर्यवेक्षिका_बोलते:
अंगणवाडीकडची बाजू मांडते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यभरच्या सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले होते, आठवतंय? मेमरी कमी, फोन तापायचे, त्यात पोषण ट्रॅकर हे रोजच्या नोंदींचं ॲप नीट चालेना, आणि सुरुवातीला मराठीही नव्हतं. ज्या बाईचं मानधनच तुटपुंजं, तिनं प्रशिक्षणासाठी रिचार्ज पदरचा मारायचा? मोबाइल प्रशिक्षण स्वस्त पडतं असं म्हणणाऱ्यांनी ते कोणाला स्वस्त पडतं हेही सांगावं.

चाकण_शिफ्ट:
कारखान्यातला अनुभव वेगळा आहे. आमच्याकडे प्रत्येक मशीनवर क्यूआर कोड चिकटवलाय. डाय, म्हणजे मशीनचा साचा, बदलताना ऑपरेटर स्कॅन करतो, तीन-चार मिनिटांचा व्हिडिओ बघतो, कामाला लागतो. आधी यासाठी जाडजूड मॅन्युअल सुपरवायझरच्या कपाटात असायचं, तेही इंग्रजीत. ते कोणी उघडलेलं मी पाहिलं नाही. सगळ्या प्रशिक्षणांना एकाच मापानं मोजू नका.

खडूफळा:
@चाकण_शिफ्ट, पण तुमच्या ऑपरेटरनं पहिल्यांदा डाय बदलली तेव्हा शेजारी कोणी उभं होतं ना?

चाकण_शिफ्ट:
होय. पहिले काही दिवस जुन्या माणसाच्या हाताखालीच देतो. एकट्याला हात लावू देत नाही.

खडूफळा:
मग माझं म्हणणं तेच. हातानं शिकलेलं आठवून द्यायला मोबाइलसारखं साधन नाही. पण तुमच्याकडे जुना माणूस आधी आणि व्हिडिओ नंतर. आमच्याकडे जुना माणूसच काढून टाकला.

मेळघाटकर:
मॅडम, आमच्याकडे तो जुना माणूस आधीही फारसा येत नव्हता. आता निदान व्हिडिओ तरी येतो, तो बंद करू नका एवढंच म्हणतोय. आपल्या केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद दर महिन्याला असतेच. व्हिडिओ घरी बघून यावा आणि परिषदेत एकानं प्रत्यक्ष पाठ घ्यावा, बाकीच्यांनी बघून बोलावं. जास्तीचा प्रवास नाही, शाळाही बंद नाही.

खडूफळा:
हे मान्य, पण एका अटीवर. आमच्या केंद्रात परिषदेचा निम्मा वेळ यू-डायस (शाळांची सरकारी नोंद) आणि पोषण आहाराची माहिती गोळा करण्यातच जातो. ती माहिती ॲपवर घ्या, त्यासाठी मोबाइल उत्तम आहे. परिषद पाठासाठी मोकळी ठेवा.

पर्यवेक्षिका_बोलते:
आणि रिचार्ज?