डिझेल उत्सर्जनातील फसवणूक : गाडी सुरळीत चालली, तरी मालकाला भरपाई का?

अनघा (धागालेखिका)

ऑक्टोबर 2025 मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात मर्सिडीज, फोर्ड, रेनॉ, निसान आणि प्यूजो-सिट्रोएन यांच्याविरुद्धच्या डिझेल दाव्यांची सुनावणी सुरू झाली. चाचणीत धूर कमी दिसावा म्हणून गाड्यांत फसवे सॉफ्टवेअर बसवले, असा आरोप आहे. इतर उत्पादकांविरुद्धचे असेच दावे धरून एकूण सुमारे 16 लाख गाडीमालक यामागे आहेत. कंपन्यांनी आरोप फेटाळले आहेत. निकाल काहीही लागो, ‘गाडी तर व्यवस्थित चालली, मग भरपाई कसली?’ हा जो प्रश्न या निमित्ताने वारंवार विचारला जातो, तो मुळातच चुकीचा आहे, असे माझे ठाम मत आहे.

फोक्सवॅगनचे प्रकरण आठवावे. सप्टेंबर 2015 मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने जे उघड केले, तो साधा तांत्रिक दोष नव्हता. प्रयोगशाळेतील रोलरवर गाडीची चाके फिरतात, पण स्टिअरिंग हलत नाही, आणि वेगही ठरलेल्या आराखड्यानुसारच बदलतो. सॉफ्टवेअर नेमक्या याच खुणा ओळखून तेवढ्यापुरते नायट्रोजन ऑक्साइड (डिझेलच्या धुरातील घातक वायू) आटोक्यात ठेवत असे आणि गाडी रस्त्यावर आली की नियंत्रण सैल सोडत असे. त्यामुळे उत्सर्जन मर्यादेच्या 40 पटींपर्यंत जात होते. जगभरात अशा सुमारे 1 कोटी 10 लाख गाड्या होत्या. मालकाने पैसे मोजले ते नियमात बसणाऱ्या गाडीसाठी, आणि त्याच्या हाती पडली ती केवळ चाचणीपुरती नियमात बसणारी. 25 मे 2020 रोजी जर्मनीच्या संघीय सर्वोच्च न्यायालयाने हाच विचार मान्य केला : खरे कळले असते तर जो सौदा ग्राहकाने केलाच नसता, तो सौदा त्याच्या गळ्यात पडणे हेच त्याचे नुकसान.

मिलिंद

आपण दिलेल्या निकालाचा पुढचा भागही पाहावा. त्या खटल्यातील मालकाने 2014 मध्ये 31,490 युरोंना फोक्सवॅगनची वापरलेली शरान गाडी घेतली होती आणि त्याला परत मिळाले ते सुमारे 25,616 युरो, कारण त्याने कापलेल्या अंतराचा मोबदला न्यायालयाने वळता करून घेतला. म्हणजे गाडी चालली की नाही, हा प्रश्न न्यायालयालाही बाजूला ठेवता आला नाही.

माझा खरा आक्षेप मात्र वेगळाच आहे. नायट्रोजन डायऑक्साइडमुळे श्वासनलिका सुजतात, दमा बळावतो, आणि हा वायू सर्वाधिक साचतो तो वर्दळीच्या रस्त्यांलगत. तिथे राहणाऱ्या, तिथल्या शाळेत जाणाऱ्या मुलांनी ना ती गाडी घेतली, ना ती चालवली, आणि त्यांच्या नावाने या दाव्यांत एक पैसाही मागितलेला नाही. ज्याने ती गाडी वर्षानुवर्षे वापरली, त्याला मात्र धनादेश मिळावा, हे मला न्यायाचे वाटत नाही. अमेरिकेत फोक्सवॅगनशी झालेल्या 2016 च्या तडजोडीत 2.7 अब्ज डॉलर हवेचे झालेले नुकसान भरून काढण्यासाठी बाजूला ठेवले गेले. पैसा जायचा तर तिकडे जावा.

अनघा

त्याच तडजोडीत गाड्या परत घेण्यासाठी आणि मालकांच्या भरपाईसाठी सुमारे 10 अब्ज डॉलरची तरतूद होती. गाडीच्या किमतीव्यतिरिक्त प्रत्येक मालकाला 5,100 ते 10,000 डॉलर मिळाले. हवेसाठीचा पैसा त्यातून कापला गेला नाही; दोन्ही जबाबदाऱ्या कंपनीवरच टाकल्या गेल्या. आणि वापराची वजावट ही रकमेची बाब आहे, हक्काची नव्हे.

शैलजा

मी इंग्लंडमध्ये राहते. ‘स्वच्छ डिझेल’ या शब्दांवर विश्वास ठेवून आम्ही गाडी घेतली होती (कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही). पुढे पत्र आले, गाडी वर्कशॉपमध्ये नेली आणि अर्ध्या तासात सॉफ्टवेअर बदलून मिळाले. काही महिन्यांतच इंजिनात बिघाड दाखवणारा पिवळा दिवा लागू लागला, आणि एके संध्याकाळी मोटरवेवर मधल्या लेनमध्ये असताना गाडीची ताकद अचानक गेली. मागे ट्रक, शेजारच्या सीटवर माझी आई. कडेला पोहोचेपर्यंत माझे हात थरथरत होते. ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) गेला होता. सॉफ्टवेअरचा आणि याचा संबंध नाही, असे सांगून बिल आमच्या हातात ठेवले गेले. मिलिंदजी, गाडी ‘वापरली’ म्हणताना हेही धरावे.

विवेक

माझा भरपाईला पाठिंबा आहे, पण कोणाच्या हाती किती पडते तेही बोलले पाहिजे. मे 2022 मध्ये फोक्सवॅगनने इंग्लंड-वेल्समधील सुमारे 91,000 दावेदारांशी 19.3 कोटी पौंडांत तडजोड केली, तीही दोष मान्य न करता. भागाकार केला तर माणशी जेमतेम 2,100 पौंड येतात. तिथे वकिलांच्या खर्चाची सोय वेगळी होती. तिथल्याच इतर दाव्यांत, वकिलांनी भरपाईतून हिस्सा घेण्याचा करार असेल, तर कायद्याने तो निम्म्यापर्यंत असू शकतो. सही करण्याआधी ते कलम वाचावेच. जर्मनीत ग्राहक संघटनांच्या महासंघाने फोक्सवॅगनविरुद्ध सामूहिक दावा लढवला, त्यात नाव नोंदवणे विनामूल्य होते, आणि 2020 च्या तडजोडीत मालकांना 1,350 ते 6,257 युरो मिळाले. मला तो मार्ग अधिक स्वच्छ वाटतो.

मिलिंद

शैलजाताई, तुमच्यासारख्यांच्या बाबतीत माझा आक्षेप मी मागे घेतो. ते प्रत्यक्ष नुकसान आहे आणि त्याची भरपाई झालीच पाहिजे. पण ज्यांना असा काहीच त्रास झाला नाही त्यांचे काय? सप्टेंबर 2015 नंतर गाडी घेणाऱ्यांचा दावा त्याच जर्मन न्यायालयाने जुलै 2020 मध्ये नाकारला. कुठेतरी रेघ ओढावीच लागते.

अनघा

ती रेघ कुठे ओढली गेली, ते पाहावे. 2014 मध्ये घेतलेली आणि 2016 मध्ये घेतलेली, अशा दोन गाड्यांत इंजिन तेच, सॉफ्टवेअर तेच, धूरही तोच. तरी पहिल्या मालकाला पैसे मिळाले आणि दुसऱ्याला नाहीत. दुसऱ्याने घेतली तेव्हा कंपनीने हा प्रकार स्वतःच जाहीर केलेला होता. पहिल्या मालकापासून तो लपवलेला होता. न्यायालयाने मोल केले ते त्या लपवण्याचे, आणि मी पहिल्या प्रतिसादापासून तेच म्हणत आहे.