मक्याच्या वाळलेल्या ताटांचा मुरघास केला, बॅग उघडली तर बुरशी. कुठं चुकलं?

हिरवी_गव्हाण
नमस्कार मंडळी. कणसं काढल्यावर मक्याची ताटं तीनेक आठवडे शेतात पडून होती. एरवी गुरं पाला खातात आणि बुडखे तसेच सोडतात, म्हणून यावेळी म्हटलं मुरघास, म्हणजे हवाबंद ठेवून आंबवलेला चारा, करून बघू. बारीक तुकडे करून कुट्टी केली, बॅगेत भरली, बॅगेमागे दोन बादल्या पाणी मारलं, पायांनी तुडवली, तोंड घट्ट बांधलं. 50 दिवसांनी उघडली तर वर वीतभर पांढरी बुरशी, आणि खाली हात घातला तर कुट्टी भरली तशीच कोरडी, कुबट वास. गाईने तोंडसुद्धा लावलं नाही. अजून दोन बॅगा बंद आहेत, त्यांचं काय करू? मळी (साखर कारखान्यातलं मोलॅसिस) घालायला पाहिजे होती का? एक गाय गाभण आहे, जास्त काळजी तिचीच वाटते.

रवंथ
ताई, आधी गाभण गाईचं. बुरशीचा थर बाजूला काढून खालचं देते असंही करू नका. बिघडलेल्या मुरघासातून लिस्टेरिया नावाचा जंतू पोटात जातो आणि गाय गाभडू शकते. ती बॅग सरळ खताच्या खड्ड्यात जाऊ द्या.

आता चूक कुठं झाली. चारा आंबवतात ते लॅक्टिक ॲसिड करणारे जंतू, त्यांना ओल पाहिजे, साखर पाहिजे आणि हवा अजिबात नको. खडखडीत वाळलेल्या 100 किलो कुट्टीत पाणी असतं दहाएक किलो, आणि मुरघासाला ओल लागते 65 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे हिशोबाने 100 किलोला जवळजवळ 155 लिटर पाणी घालावं लागेल. दोन बादल्या कुठं पुरणार? आणि एवढं ओतलं तरी वाळलेलं ताट ते लगेच पीत नाही, सगळं तळाला जाऊन बसतं. साखरेचं म्हणाल तर थोडी दाण्यात गेली, उरलेली ताट वाळताना संपली. त्यात कोरडी कुट्टी कितीही तुडवा, स्पंजासारखी परत फुगते आणि हवा आतच राहते, बुरशीला तेवढं बास होतं.

कुट्टी_मशीन
वरच्यांचं बरोबर आहे, पण पुढच्या वेळेसाठी सांगतो, खरी गोष्ट वेळेची आहे. कणसाचं आवरण वाळलं तरी बऱ्याच वाणांचं ताट तेव्हा हिरवं असतं, कणसं मोडली की त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी ताटं कापून कुट्टी करायची, दोन सेंटीमीटरच्या आसपास, लांब नको. भरायच्या आधी मूठभर कुट्टी घट्ट दाबून बघायची, बोटांमधून पाणी गळलं तर फार ओलं, मूठ उघडल्याबरोबर विस्कटली तर कोरडं, आणि गोळा हळूहळू सुटत गेला, तळहात नुसता ओलसर झाला तर भरायला घ्या. कणसं काढलेल्या ताटात साखर कमीच, म्हणून 100 किलोला 2-3 किलो मळी तेवढ्याच पाण्यात कालवून प्रत्येक थरावर शिंपडायची, वरवर ओतून उपयोग नाही.

वाळलेलंच वापरायचं असेल तर रसरशीत हिरव्यात मिसळा. 80 टक्के पाणी असलेला कोवळा चारा 40 किलो आणि वाळलेली कुट्टी 10 किलो, ओल बरोबर जमते, आणि नुसत्या कोवळ्या चाऱ्यातून जो रस गळून वाया जातो तोही कुट्टी धरून ठेवते. मला हा प्रकार सगळ्यात आवडतो.

जुनी_दावण
एक सांगू का, मुरघासाने चारा टिकतो, चवदार होतो, वाया कमी जातो, पण बुडख्यातला लाकडासारखा भाग त्याने मऊ होत नाही. जे भराल तेच मिळेल.

तुमच्याकडच्या वाळलेल्या ताटांना युरिया प्रक्रिया जास्त लागू पडेल. 100 किलो कुट्टीला 4 किलो युरिया 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, खडा एकही राहू न देता, थराथरावर शिंपडून प्लास्टिकखाली 3 आठवडे बंद ठेवायचं, थंडीत जास्त दिवस. आत अमोनिया तयार होतो, तो धाटाचे तंतू सैल करतो आणि 3-4 टक्क्यांवरची प्रथिनं 7-8 पर्यंत जातात. यात मळी घालायची नाही, मुरघासात आंबट व्हायला हवं, इथं अमोनिया हवा, दोन्ही एकत्र जमत नाही. उघडल्यावर डोळे चुरचुरतात, तेव्हा त्या दिवसापुरतं काढून पसरून ठेवा आणि वास उडाल्यावरच घाला, सुरुवातीला थोडं थोडं. सहा महिन्यांखालच्या वासरांना नाही. आणि युरियाच्या पाण्याची बादली गुरांच्या तोंडाशी कधीच ठेवू नका, तहानलेलं जनावर पिऊन टाकतं आणि वाचत नाही.

हिरवी_गव्हाण
आज दोन्ही बॅगा उघडल्या. एकीत बुरशी, ती खड्ड्यात टाकली. दुसरी चांगली कोरडी आहे, कुठं डाग नाही, ती पसरून ठेवलीय. युरिया करायचा तर त्याच बॅगेत चालेल का? खाली एके ठिकाणी बारीक भोक आहे.

जुनी_दावण
भोकाला आतून बाहेरून चिकटपट्टी लावा आणि भोकाची बाजू वर येईल अशी ठेवा. उंदरांचं काम असेल तर आधी जागा बदला.