घासाघीस कोणाशी करायची? कोकणातील घरगुती वीजबिलाविषयी

हर्णैचा रहिवासी

काल येथे एका चाकरमानी बंधूंनी लिहिले होते की, मुंबईत त्यांनी दोन वीज कंपन्यांचे दर समोरासमोर ठेवले, बोलणी केली आणि बिल कमी करून घेतले. गावाकडची माणसे मात्र येईल ते बिल मुकाट भरतात, दर कमी करून मागण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. हे वाचून मला रात्री स्वस्थ झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

मुंबईच्या उपनगरांत टाटा आणि अदानी या दोघांकडेही परवाना आहे. 2008 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तिथल्या घरगुती ग्राहकाला एकाकडून दुसऱ्याकडे जाण्याची वाट मोकळी झाली. आमच्याकडे दापोली, गुहागर, राजापूर, मालवण कुठेही जा, वितरण कंपनी एकच. तुलना करायची ती कोणाची कोणाशी? खुल्या बाजारातून वीज घ्यायची तर मंजूर भार एक मेगावॅटच्या वर हवा. 2022 च्या नियमांनी हरित ऊर्जेसाठी ती अट 100 किलोवॅटपर्यंत खाली आणली. माझ्या घरात चार पंखे, एक फ्रीज आणि विहिरीवरचा अर्ध्या अश्वशक्तीचा पंप आहे. दर ठरवतो महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग, आणि तो ठरला की खिडकीवरच्या कारकुनालाही त्यात एक पैसा कमी करता येत नाही.

मेचे माझे बिल 137 युनिटांचे आहे. त्यात स्थिर आकार (वापर असो वा नसो, दरमहा लागणारा), वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि या साऱ्यावर 16 टक्के वीज शुल्क आहे. यांतली कोणती ओळ मी घासाघीस करून कमी करायची, हे त्या बंधूंनी सांगावे. गावच्या माणसाला अडाणी ठरवण्याआधी त्यांनी गावचे बिल एकदा हातात घेऊन वाचायला हवे होते.

गोरेगाव, मूळ गाव कोतळूक

ती पोस्ट माझीच आहे. "घासाघीस" हा शब्द चुकला, हे मान्य करतो. मी दर कमी करून घेतला नाही. दोन मंजूर दरांपैकी माझ्या वापराला जो परवडला तो घेतला. पण "मुकाट भरतात" हे मी मागे घेणार नाही, कारण ते मी माझ्या घरातच पाहिले आहे. कोतळूकला माझ्या काकांच्या घराला तीन फेजची जोडणी आहे. पंचवीस वर्षांपूर्वी घरात भाताची छोटी गिरणी होती, तिच्यासाठी ती घेतलेली. गिरणी विकून बारा वर्षे झाली. आज त्या जोडणीवर सहा दिवे आणि दूरदर्शन संच चालतो, आणि स्थिर आकार मात्र एक फेजच्या तिपटीच्या वर भरला जातो, दर महिन्याला. मी काकांना दोनदा सांगितले. त्यांचे उत्तर एकच: "चालले आहे ते चालू दे, अर्ज केला तर आणखी काहीतरी निघेल." ही भीती कोणी घातली ते मला माहीत नाही, पण बारा वर्षे ती पैसे खाते आहे.

अलिबागचा वायरमन

चाळीस वर्षे घरांत वायरिंग केले आहे, तेव्हा दोघांनाही सांगतो. तीन फेजवरून एक फेजवर येण्यासाठी साधा अर्ज असतो, तो करण्यात काहीही भयंकर नाही. मात्र घरातला एकूण भार आधी मोजा. वातानुकूलन यंत्र, गिझर आणि पंप एकदम चालत असतील, तर एक फेजवर येऊन तुम्ही स्वतःलाच त्रास करून घ्याल.

आता जे कोणी पाहत नाही ते. रात्री घरातले सगळे दिवे, फ्रीज, पंप, टीव्हीचा बटणाखालचा लाल ठिपकासुद्धा बंद करा, पण मुख्य स्विच चालू ठेवा. मग मीटरसमोर उभे राहा. मीटरवर एक लाल दिवा असतो आणि शेजारी बहुधा 3200 असा आकडा छापलेला असतो. म्हणजे तो दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट. सारे बंद असताना तो लुकलुकत असेल, तर वीज कुठेतरी गळते आहे. रेवदंड्याच्या एका घरात मी हे पाहिले. नारळाच्या मुळाजवळून पंपाकडे गेलेल्या वायरचे आवरण खारट ओलीने कुजले होते आणि भर पावसात ती वायर जमिनीत वीज सोडत होती. त्या माणसाने आठ महिने मीटर वेगाने पळतो म्हणून लोकांशी भांडण केले. मीटर बरोबर होता. शिवाय तिथे कोणाचा पाय पडला असता तर बिलाचा प्रश्नच उरला नसता.

आणखी एक. शंभरच्या वर एक युनिट गेले की सगळ्या युनिटांना वरचा दर लागतो, असे गावोगाव मानतात. तसे नाही. 137 युनिटांत पहिल्या 100 ला पहिला दर, फक्त वरच्या 37 ला दुसरा. तो दुसरा दर जवळपास दुप्पट आहे, म्हणून शंभराच्या आत राहण्याची धडपड योग्यच. पण त्या भीतीने म्हातारी माणसे रात्री पंखा बंद करून झोपतात, हे मला सहन होत नाही.

चिपळूण

मूळ मुद्दा कोणीच मांडत नाही. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून आमच्या तालुक्यात पोफळीला उतरते, एकूण 1960 मेगावॅटचा प्रकल्प त्यावर उभा आहे, आणि तेच पाणी पुढे आमच्या वाशिष्ठीत येते. वीज आमच्या अंगणात तयार होते आणि दर आम्हाला नागपूरइतकाच. कोकणाला वेगळा, कमी दर का नको?

हर्णैचा रहिवासी

भावना समजते, पण वीज राज्याच्या जाळ्यात जाते आणि एका वितरण कंपनीचा दर तिच्या साऱ्या क्षेत्रात एकच असतो. मागणी करायची तर दरवाढीच्या प्रस्तावावर आयोग हरकती मागवतो तेव्हा लेखी करा. चहाच्या टपरीवर केलेली मागणी आयोगापर्यंत जात नाही.

देवगडजवळची होमस्टे चालवणारी

दर कमी होत नाही हे खरे, पण दर चुकीचा लावला जाऊ शकतो, यावर कोणीच बोलत नाही, म्हणून मी बोलते. आमच्या राहत्या घरातल्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. एकदा तपासणीला आलेल्या माणसाने अंगणात उभे राहूनच सांगितले की हा व्यवसाय आहे, आता व्यापारी दर लागेल. मी घाबरले होते, खोटे कशाला सांगू. पण आयोगाच्या दरपत्रकात स्पष्ट लिहिलेले आहे की, राहत्या घराच्या काही भागात व्यवसाय असेल, आणि वापर महिन्याला 300 युनिटांपर्यंत व मागील आर्थिक वर्षात 3600 युनिटांपर्यंत असेल, तर घरगुती दरच लागतो. मी बारा महिन्यांची बिले एका फायलीत लावून त्यांच्यासमोर ठेवली. बेरीज 3600 च्या आत होती. तो विषय तिथेच संपला. ही घासाघीस नव्हे, हा हक्क आहे, आणि तो कागद दाखवल्याशिवाय मिळाला नसता.

तेव्हापासून मी महिन्याच्या मध्यावर स्वतः मीटर वाचते. कोणत्या वेळी किती वीज वापरली ते नोंदवणारा नवा मीटर आल्यावर चादरी धुणे आणि टाकीत पाणी चढवणे सकाळी 9 ते सायंकाळी 5 या वेळेत आणले, कारण जुलै 2025 पासून त्या वेळेतल्या वापरावर युनिटमागे 80 पैशांपासून सवलत आहे. महिन्याला साठ युनिटे दिवसा वळवली की 48 रुपये. थोडे वाटते, पण वर्षाचे 576 होतात.

सावंतवाडीच्या निवृत्त शिक्षिका

80 पैशांवर एवढे का लिहायचे? छतावर सौर पॅनेल बसवा. केंद्राच्या फेब्रुवारी 2024 च्या योजनेत एका किलोवॅटला 30,000, दोनला 60,000 आणि तीन किंवा अधिकला 78,000 रुपये अनुदान आहे. मी तीन किलोवॅटचे बसवले. मार्च ते मे माझे बिल जवळजवळ स्थिर आकारापुरतेच येते, पावसाळ्यात वाढते, एवढेच.

हर्णैचा रहिवासी

बाई, आपले घर स्लॅबचे असावे. आमची मंगलोरी कौले आहेत, वर आंब्याची सावली. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळात आमच्या गावात पत्रे भिंतीसकट गेले आणि आम्ही कित्येक आठवडे अंधारात होतो. बाहेरची वीज गेली की जाळ्याला जोडलेले साधे सौर पॅनेलही बंद पडते, कारण खांबावर काम करणाऱ्याच्या जिवाला धोका नको म्हणून ते तसेच बनवलेले असते. ज्या काळात आम्हाला विजेची सर्वाधिक गरज होती, त्या काळात आपल्या पॅनेलचा उपयोग नसता झाला.

सावंतवाडीच्या निवृत्त शिक्षिका

हे बरोबर आहे, आणि ते मी आधीच सांगायला हवे होते. पण आपण खरी अडचण सांगतच नाही. अनुदानासाठी जोडणी अर्जदाराच्या नावावर लागते. किती घरांत तशी आहे? माझ्या माहेरी आजही मीटर आजोबांच्या नावावर आहे, ते 1978 साली गेले. सातबाऱ्यावर चौदा नावे. नाव बदलायचे म्हटले की संमतीच्या सह्या लागतात, आणि सह्या मागितल्या की प्रत्येकाला वाटते, ही घर बळकावते आहे.

गोरेगाव, मूळ गाव कोतळूक

याच मुद्द्यावर मला राग येतो. चाकरमानी सही देत नाहीत, असे गावात सगळे म्हणतात. आम्ही अकरा महिने कुलूप असलेल्या खोलीच्या नावाने बिलाचा वाटा भरतो. गणपतीत आठ दिवस येतो, तेव्हा पाहतो तर आमच्या खोलीतून वायर ओढून शेजारच्या पडवीत फ्रीज चाललेला असतो. आणि वर "मुंबईवाल्यांनी मोठी आरास केली, बिल त्यांनीच भरावे" हेही ऐकायचे!

हर्णैचा रहिवासी

आणि त्या अकरा महिन्यांत कुलूपबंद खोलीची कौले कोण शाकारतो? फांदी पडून तार तुटली तर पावसात रात्री दिवाबत्तीसाठी कोण धावतो? आम्ही त्याचे बिल कधी पाठवले नाही. पडवीतला फ्रीज दिसतो, त्या घरात राहणाऱ्या पंच्याहत्तर वर्षांच्या माणसाने भरलेली बाकीची बिले दिसत नाहीत. आपण काकांच्या तीन फेजचा हिशेब येथे मांडलात, पण बारा वर्षांत स्वतः अर्ज भरून त्यांच्याबरोबर गुहागरला गेलात का?

गोरेगाव, मूळ गाव कोतळूक

नाही गेलो. हा प्रश्न लागला मला.

अलिबागचा वायरमन

भांडण थांबवा, दोघांचेही काही चुकत नाही. सामाईक घरात प्रत्येक चुलीमागे उपमीटर बसवा. खर्च फारसा येत नाही. मुख्य बिल एकच राहील, पण कोणी किती जाळले ते दिसेल आणि पडवीतल्या फ्रीजचा प्रश्न आकड्याने सुटेल. चुली खरोखर वेगळ्या असतील, तर वेगळ्या जोडणीचा अर्ज करा. प्रत्येकाला आपला पहिल्या शंभर युनिटांचा टप्पा मिळेल. एकाच कुटुंबाने मात्र टप्पा वाचवण्यासाठी दोन मीटर घेऊ नयेत, ते उघडकीस येतेच. ज्यांना बिल चुकीचे वाटते त्यांनी लेखी तक्रार करावी, पोच घ्यावी. उत्तर न पटल्यास ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्यावर विद्युत लोकपाल आहे.

देवगडजवळची होमस्टे चालवणारी

उपमीटरला माझा पाठिंबा आहे. आमच्याकडे दोन जावांमधला अबोला त्यानेच संपला. आधी वाटा "डोक्यागणिक" ठरायचा, आणि माझ्याकडे पाहुणे आले की त्यांचीही डोकी मोजली जायची. आता दर पहिल्या तारखेला आम्ही दोघी मिळून तिन्ही आकडे वहीत लिहितो.

हर्णैचा रहिवासी

मी सुरुवातीला लिहिले त्यात एक भर घालतो. दर आपल्या हातात नाही, या मतावर मी ठाम आहे. पण दराचा वर्ग (घरगुती की व्यापारी), फेज, मंजूर भार, वापराची वेळ आणि मीटरवरचे नाव या पाच गोष्टी हातात आहेत, हे मी लिहिले नव्हते. कोतळूककरांच्या "मुकाट भरतात" या एका वाक्यात तथ्य होते; ते ज्या सुरात सांगितले गेले तो मला आजही आवडलेला नाही.

गोरेगाव, मूळ गाव कोतळूक

सूर चुकला. आज सकाळी काकांना फोन केला. एक फेजच्या अर्जाला ते तयार आहेत, मात्र मी स्वतः बरोबर यायचे या अटीवर. मीटरचे नाव बदलायला त्यांनी नकार दिला, म्हणाले, "वडिलांचे नाव मी जिवंत असेपर्यंत राहू दे." ते मी पुढे ताणले नाही. शनिवारच्या पहाटेच्या गाडीने निघतो आहे. वायरमन काका, घरातला भार कसा मोजायचा ते तेवढे लिहून ठेवाल का?

अलिबागचा वायरमन

प्रत्येक उपकरणाच्या मागे वॅट लिहिलेले असते, त्यांची बेरीज करा. पंपावर अश्वशक्ती असते. एक अश्वशक्ती म्हणजे 746 वॅट. आणि जाताना काकांची मागची बारा बिले बरोबर घ्या.