कात्रजला वाघ जागा कधी दिसतो? सोलापूरहून एका दिवसात जमेल का?

होटगीरोड: जानेवारीत पुण्याच्या कात्रजमधल्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात जायचंय. सोबत सात आणि चार वर्षांची मुलं, शिवाय गुडघे दुखणाऱ्या सासूबाई. अडचणी दोन. दुपारी वाघ-बिबटे कुठंतरी सावलीत पडून राहतात आणि मुलं "कुठंय, कुठंय" करत कंटाळतात. दुसरी म्हणजे मोबाइलवर फोटो काढला की जाळी स्पष्ट येते आणि प्राणी पुसट. जाणकारांनी सांगावं.

टेंभुर्णीकर: ताई, बुधवार सोडून कुठलाही दिवस धरा, त्या दिवशी कात्रज बंद असतं. आठवड्यातून एक दिवस प्रेक्षकांना बंद ठेवणं हा सगळ्याच प्राणिसंग्रहालयांना लागू असलेला नियम आहे.

सोलापूर ते पुणे अडीचशे किलोमीटर. पहाटे निघालात तरी चहा-नाश्ता, हडपसरची गर्दी धरून पोचायला अकरा वाजतात, आणि प्राणी बघायला तीच सगळ्यात वाईट वेळ. शक्य असेल तर आदल्या रात्री स्वारगेट-कात्रज भागात मुक्काम करा आणि साडेनऊच्या सुमारास गेट उघडतं तेव्हा आत शिरा. एका दिवसातच उरकायचं असेल तर क्रम उलटा करा. आधी सर्पोद्यान बघा, मग सावलीत डबा खा. वाघ, बिबट्या, अस्वल चारनंतर.

तळं धरून आवार १३० एकरांचं आहे. सासूबाईंना सगळं चालायला लावू नका, बॅटरीवर चालणारी गाडी मिळते. रविवारी तिलाही रांग लागते, म्हणून आत गेल्या गेल्या तिचं तिकीट काढा.

माळरान: वाघाची मोठी झोप दिवसा असते, हालचाल पहाटे आणि सांजेला. संध्याकाळचं मांस आतल्या रात्रीच्या खोलीत देतात, त्यामुळे बंद व्हायच्या आधीचा तास-दीड तास तो त्या दाराजवळ घुटमळतो. उभं राहायचं ते दार दिसेल अशा जागी. मात्र एकाच रेषेत, त्याच ठिकाणी वळून दिवसभर फेऱ्या मारणं वेगळं. तो कोंडमाऱ्याचा ताण असतो. तिथं आरडाओरडा केला की त्यात भरच पडते.

सगळे पिंजरे पळत बघण्यापेक्षा चार-पाच प्राणी निवडा आणि प्रत्येकापुढं पंधरा-वीस मिनिटं गप्प थांबा. मुलांना अख्खा वाघ शोधायला सांगू नका. वाघाच्या काळ्या कानामागं पांढरा ठिपका असतो. गवतात तो ठिपका शोधायला सांगा. मान वळली की तो चमकतो आणि मग पट्टे आपोआप दिसायला लागतात. बिबट्यासाठी आधी फांद्या बघा, शेपटी लोंबत असते. ८×३०ची (आठपट मोठं दाखवणारी, ३० मिमी भिंगाची) दुर्बीण असेल तर अवश्य न्या. खंदकापलीकडच्या प्राण्याच्या मिशासुद्धा दिसतात.

जानेवारीत मगर मात्र उन्हं चढल्यावरच काठावर येते. जबडा उघडा ठेवून पडलेली दिसेल. चिडलेली नसते ती, डोक्याचं तापमान सांभाळत असते. मुलं हमखास खडा मारायला जातात, त्यांना आधीच सांगून ठेवा. थंडीत साप सुस्त असतात, म्हणून पिंजऱ्याच्या मधोमध बघू नका. मडकं, ओंडका, कोपरा असं शोधा.

कॅमेरावाला_जुळेसोलापूर: जाळीचं कारण साधं आहे. मोबाइलची लेन्स बारीक, तिला जवळचं-लांबचं दोन्ही स्पष्ट दिसतं. उपाय तीन. ऊन पडलेली तार चमकते, म्हणून जाळीचा सावलीतला भाग निवडा. १x वर काढू नका, फोनला २x किंवा ३xची वेगळी लेन्स असेल तर ती लावा. स्क्रीनवर प्राण्याच्या डोळ्यावर बोट दाबून धरा म्हणजे फोकस तिथंच राहतो. प्राणी जाळीला टेकून बसला असेल तर नाद सोडा, तो मागं सरकला की जाळी विरते. मोठा कॅमेरा असेल तर २०० मिमीची लेन्स आणि f/४ ते f/५.६, म्हणजे लेन्सचं तोंड बरंच उघडं.

काचेपुढं फोन काचेला सपाट टेकवा आणि भोवती गडद ओढणी धरा, प्रतिबिंब जातं. फ्लॅश बंदच ठेवा. काचेवर टकटक करू नका, कठड्यावर चढू नका. प्राण्यांना चिडवणं, खायला घालणं हा वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे.

होटगीरोड: आभार! मुक्काम करूनच जाऊ. धाकट्याला काळवीटही बघायचंय.

माळरान: त्यासाठी पुणं कशाला? आपलं नान्नजचं माळढोक अभयारण्य सोलापूरपासून वीसेक किलोमीटरवर आहे. उजाडता उजाडता जा, गाडीतून उतरू नका, कपडे मातकट रंगाचे घाला. काळा आणि पिळाच्या शिंगांचा तो नर. बदामी रंगाच्या, बिनशिंगी त्या माद्या. कळपानं मान वर केली की जिथं आहात तिथंच थांबा. परत चरायला लागले तरच पुढं सरका.